सेबुआनोचा निम्मा धडा

ज्याला सेबुआनो भाषा आली, तो या जगात कुठंही उपाशी मरणार नाही.

हे विधान मी माझ्या भाषावर्गाच्या पहिल्याच दिवशी, घसा खाकरून, उजवा हात वर करून केलं. वर्गात एक विद्यार्थी होता. त्याला सेबुआनो येत नव्हती म्हणून इंग्रजीत केलं. माझं इंग्रजी असं, की त्यानं वहीत लिहून घेतलं, 'शिक्षकांना भूक लागली आहे', आणि पिशवीतून बिस्किटांचा पुडा काढून माझ्यापुढं सरकवला.

त्याचं नाव तक. कोरियाचा, तेहतीस वर्षांचा, कपाळावर कायम घाम. आमच्या सेबू बेटावर कोरियन येतात ते इंग्रजी शिकायला. सेबुआनो शिकायला आलेला हा पहिलाच, त्यामुळं आमच्या अर्गाओ गावात दोन तट पडले. एक म्हणे हा पोलिसांचा माणूस, दुसरा म्हणे याची तब्येत बरी नसावी. खरं म्हणजे तो आंबे सुकवण्याच्या कारखान्यात यंत्रं बसवायला आला होता. तिथले कामगार त्याच्याकडं बघून हसायचे आणि का हसतात ते त्याला कळून घ्यायचं होतं.

"कळल्यावर जास्त वाईट वाटेल," मी म्हणालो.

"चालेल," तक म्हणाला.

हा वर्ग माझ्या मुलीनं, लिलिबेथनं, सुरू करून दिला. ती कॅनडात विनिपेगला असते. आईच्या अंत्यविधीला आली, नऊ दिवसांच्या प्रार्थना होईपर्यंत राहिली आणि जाण्याआधी तिनं माझ्यासाठी दोन गोष्टी ठरवून ठेवल्या. एक विमानाचं तिकीट, दुसरा तक. आईचा चाळिसावा दिवस झाला की दुसऱ्या दिवशी दुपारी मी विनिपेगला जायचं, कायमचं. तोवरच्या दिवसांत एकटा बसू नये म्हणून तक.

मी म्हणालो, "बरं."

त्या दिवसांत मी सगळ्यालाच बरं म्हणत होतो. शवपेटी पांढरी घ्यायची की तपकिरी? बरं. घराची किल्ली पुतण्याकडं द्यायची? बरं. तिथं उणे तीस असतं, बाबा. बरं. सेहेचाळीस वर्षं एका बाईबरोबर राहिल्यावर ती जेवून हात धुवायला उठते आणि मोरीपर्यंत पोचत नाही, तेव्हा माणसाला काहीतरी होत असणार. मला काही होत नव्हतं. मी वाट पाहत होतो.

वाट पाहणारा मी एकटा नव्हतो. शेजारच्या नांग इपासुद्धा पाहत होत्या. थोरल्या बाईला आमच्याकडं नांग म्हणतात, थोरल्या पुरुषाला नोय. त्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, माझ्याहून पाचांनी मोठ्या, आणि मेलेल्यांसाठी प्रार्थना म्हणायचं काम गल्लीत त्यांच्याकडं. त्यांच्या प्रार्थनेशिवाय आमच्याकडं एकही आत्मा जागचा हलत नाही. रोज सकाळी त्या कुंपणावरून विचारायच्या.

"तेर्यो, रडलास का?"

"नाही अजून."

"मग कधी रडणार?"

"बघतो."

"बघतो काय! लिलिबेथ रडली, मी रडले, शवपेटीवाला रडला. आणि तू? तू खुर्च्या मोजत होतास!"

"चर्चच्या होत्या त्या, नांग. परत द्यायच्या होत्या."

यावर त्यांच्यामागं उभा असलेला रिक्षावाला बादोर फिसकन हसला. त्याचा दोष नाही. मी तीस वर्षं रेडिओवर थट्टेचे कार्यक्रम लिहिले. तेव्हापासून मी काही बोललो की गाव शिष्टाचार म्हणून हसतं. सोर्सिंगच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या दफनाला मी "माती कोरडी आहे" म्हणालो, तेव्हाही तिघं हसले होते.

तर पहिला धडा. आमच्या भाषेत नवशिक्याला आधी शिकवायचं ते रस्त्यावरचं बोलणं. रस्त्यात कुणी विचारतं, "असा का?" म्हणजे कुठं निघालात. याचं उत्तर कुणाला नको असतं. आपण म्हणायचं, "दिहा लांग." जरा तिकडंच. विचारणारा खूश, आपण मोकळे. तकनं ते दहा वेळा घोकलं. मग दुसरी जोडी. घरात माणसं जेवत असली, दार उघडं असलं आणि समोरून कुणी चाललं, की आतून हाक येते, "काओन ता!" या जेवायला. तकनं तेही घोकलं.

यापुढं मी त्याला उत्तर शिकवणार होतो. आमच्याकडं कुणीही जेवायला बोलावलं की म्हणायचं, "सिगे लांग." होऊ द्या तुमचं, आमचं आत्ताच झालंय. आणि चालू लागायचं. बोलावणाऱ्याला ठाऊक असतं हा येणार नाही, म्हणून तो मोकळ्या मनानं बोलावतो.

पण तेवढ्यात माझी नजर फळीवर गेली. तिथं सोर्सिंगचा चष्मा होता. एका काडीला तिनं दोरा गुंडाळलेला. मी त्या दोऱ्याकडं बघत राहिलो. किती वेळ ते ठाऊक नाही. परत वळलो तेव्हा पुढचं वाक्य डोक्यातून गेलेलं होतं.

"आज एवढंच," मी म्हणालो.

तक वही मिटून निघाला. वेळ संध्याकाळची, आमच्या घरापासून त्याच्या खोलीपर्यंत घरं अकरा, आणि उकाड्यामुळं अकराही दारं उघडी.

पहिल्या घरातून हाक आली, "या जेवायला!" तक थांबला. त्याचा चेहरा उजळला. इतकी वर्षं गल्लीतली माणसं ज्याला-त्याला बोलावत आली होती, पण जेवायला आत आलेला माणूस कुणी पाहिला नव्हता. तक चपला काढून आत गेला.

त्या रात्री तो पाच घरी जेवला. नांग इपांकडं त्यांनी स्वतःसाठी राखलेलं माशाचं डोकं त्यानं डोळ्यांसकट संपवलं. बादोरकडं माणसं सहा आणि अंडी चार होती, तकमुळं माणसं सात झाली. बोलावलेल्या माणसाला 'अहो, तसं नव्हतं म्हणायचं' असं सांगणार कोण? आमच्याकडं माणूस उपाशी राहील, पण हे सांगणार नाही. उलट सगळे म्हणाले, "अजून घे, दोंग, लाजू नकोस." दोंग म्हणजे बाळा. तकनं हेही खरं मानलं.

माझ्याकडं हा प्रश्न नव्हता. मी दार लावून जेवत होतो. सोर्सिंग गेल्यापासून स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, पातेल्यातून, मक्याच्या गार कण्या आणि सुकी मासळी. दार उघडं ठेवलं तर हाक मारावी लागते आणि हाक मारायला माझ्याकडं आवाज नव्हता.

टेबलावर मात्र ताट असायचं. चाळीस दिवस रोज तिन्हीसांजेला मेलेल्या माणसाचं ताट वाढायचं, बाजूला पाण्याचा पेला. नांग इपांची तशी सक्त ताकीद होती. चाळिसाव्या दिवसापर्यंत आत्मा घरातच असतो आणि त्याला भूक लागते. सकाळी ते ताट कोंबड्यांना घालायचं. मी जे खात होतो तेच तिला वाढत होतो. सेहेचाळीस वर्षांत सोर्सिंगनं माझ्या हातचं खाल्लं ते मेल्यावर, आणि तेही सुकी मासळी.

दुसऱ्या दिवशी मी तिचं ताट वाढलं आणि मासळीचा धूर बाहेर जावा म्हणून दार उघडलं. समोरून तक चालला होता. आमची नजरानजर झाली. माझ्या हातात पळी होती. तोंडानं परस्पर म्हटलं,

"काओन ता!"

तो आत आला. टेबलाशी दोन खुर्च्या. एक माझी, तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा. दुसरी सोर्सिंगची. तिच्यासमोर वाढलेलं ताट, भरलेला पेला. कुणीही शहाणा माणूस जिथं बसला असता तिथंच तो बसला. मान लववून आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटला आणि जेवू लागला.

मी पळी धरून उभा. त्या खुर्चीत बारा-तेरा दिवसांत कुणी बसलेलं नव्हतं. आता मला काहीतरी वाटायला हवं होतं. राग, निदान शहारा. मी थांबलो. वाटलं ते एवढंच, की मासळी कमी पडणार.

तकनं ताट पुसून खाल्लं, पाणी संपवलं आणि पातेल्याकडं पाहिलं. पातेलं रिकामं होतं.

मग मी चूल पेटवली. मीठ कुठं असतं ते मला ठाऊक नव्हतं. कण्यांना पाणी किती ते ठाऊक नव्हतं. परसात शेवगा आहे, त्याचा पाला सोर्सिंग सारात घालायची एवढं आठवत होतं. पाला घातला, देठांसकट. खालून करपलेलं आणि वरून कच्चं असं काहीतरी झालं. तक दोनदा घेऊन जेवला. मीही जेवलो. बसून, वर्तमानपत्रं खाली ठेवून.

तेव्हापासून तो रोज येऊ लागला. मी रोज सोर्सिंगचं ताट वाढायचो, तो रोज ते संपवायचा. कोंबड्या माझ्याकडं वेगळ्या नजरेनं बघू लागल्या. त्याला सांगायला हवं होतं, हे कळत होतं. पण सांगायचं तर पहिल्या धड्याचा राहिलेला अर्धा भागही सांगावा लागला असता. रोज मी ठरवायचो, आज शिकवू. तोंड उघडायचो आणि वार शिकवायचो. माशांची नावं शिकवली, शरीराचे अवयव शिकवले, शिव्या शिकवल्या. शिव्या त्याला पटकन आल्या. त्या जोरावर त्याला कारखान्यातलं हसणंही कळलं. कामगार त्याला नव्हे, त्याच्यामागं उभ्या राहणाऱ्या मुकादमाला हसत होते. हे सांगताना तो जरा खट्टू दिसला.

एके दिवशी त्यानं विचारलं, "नोय, 'कुआन' म्हणजे काय? सगळे सारखं म्हणतात. पुस्तकात नाही."

"कुआन म्हणजे शब्द आठवला नाही की म्हणायचं ते. ते हे, अमकं."

"मग समोरच्याला कळतं कसं?"

सोर्सिंगला कळायचं. शेवटची पंधरा वर्षं आम्ही दोघं जवळजवळ कुआनवरच बोलत होतो. कुआन आला होता, कुआन घेऊन गेला, कुआन लावलंस का? लावलं. जेवताना मी नुसतं "कुआन" म्हटलं की ती माडीच्या व्हिनेगरची बाटली सरकवायची. त्याखेरीज माझा घास उतरत नाही.

"बघ," मी तकला म्हणालो, "दोंग, ते कुआन दे."

त्यानं मीठ दिलं. मग चमचा. मग पाणी. मग उठून माझी काठी आणून दिली. मी हात लांब करून बाटली घेतली.

"किती वर्षं लागतात?" तकनं विचारलं.

"तुझ्या वहीत मावणार नाहीत."

तिसाव्या दिवसाच्या सुमाराला गल्लीचं शिष्टमंडळ आलं. पुढं नांग इपा, मागं बादोर.

"तेर्यो, तू त्या पोराला काय शिकवतोस?"

"सेबुआनो."

"अर्धीच शिकवलीस! नाही म्हणायला शिकव त्याला. माझ्या घरात आता माशाचं डोकं शिजत नाही, मी शेपट्या आणते. शेपट्या! या वयात!"

"नोय, आम्ही दार लावून जेवतो हल्ली," बादोर म्हणाला. "या उकाड्यात. घामानं सार खारट होतं."

"मग बोलावू नका," मी म्हणालो.

दोघं माझ्याकडं असे बघू लागले, जणू मी त्यांना कपडे काढून फिरायला सांगितलं.

"समोरून माणूस जातोय आणि आपण गिळत बसायचं?" नांग इपा म्हणाल्या. "रडला नाहीस ते नाहीस, वर लाजही सोडलीस!"

"बरं, शिकवतो," मी म्हणालो. आणि त्या दिवशी तकला भाज्यांची नावं शिकवली.

एकोणचाळिसाव्या संध्याकाळी नांग इपा दुसऱ्या दिवशीच्या प्रार्थनेची तयारी बघायला न सांगता आल्या. दारातच थांबल्या. सोर्सिंगच्या खुर्चीत तक, सोर्सिंगच्या ताटात तकचा हात, सोर्सिंगचा पेला तकच्या तोंडाला.

"या जेवायला," तक म्हणाला. उच्चार अगदी चोख होता.

नांग इपांनी छातीवर क्रूस काढला. "कधीपासून?"

"तेराव्या दिवसापासून," मी म्हणालो.

"म्हणजे ती बिचारी सत्तावीस दिवस उपाशी!"

"तिला गर्दीत जेवायला आवडायचं नाही, नांग. ती मागून जेवायची."

"थट्टा करू नकोस!"

मी थट्टा करत नव्हतो. पण हे गावाला सांगण्यात अर्थ नसतो.

त्या मला परसात घेऊन गेल्या आणि हळू आवाजात अट घातली. उद्या दुपारपर्यंत त्या मुलाला नाही म्हणायला शिकवलं नाही, तर त्या प्रार्थना म्हणणार नाहीत. प्रार्थना नाही तर सोर्सिंग इथून जाणार नाही. आणि तिला वाटेला लावल्याशिवाय मला विमानात बसू कोण देणार?

"ती तरी सुटू दे, तेर्यो," त्या म्हणाल्या. "तुझं काय व्हायचं ते होऊ दे."

"बरं," मी म्हणालो.

चाळिसाव्या दिवशी सकाळी तक आला आणि मी राहिलेला अर्धा धडा शिकवला. सिगे लांग. होऊ द्या, आत्ताच जेवलो. त्यानं वहीत लिहिलं, मान वर केली आणि बराच वेळ खिडकीतून गल्लीकडं पाहिलं. अकरा घरं मोजत असावा.

"सगळ्यांनाच असं म्हणायचं?"

"सगळ्यांना."

"तुम्हालाही?"

"मी उद्या नसेन," मी म्हणालो.

त्यानं वहीत ते वाक्य दहा वेळा लिहिलं आणि निघून गेला.

संध्याकाळी घर भरलं. नांग इपांनी खणखणीत आवाजात प्रार्थना म्हटल्या, शेवटचं आमेन झालं, माणसं जेवायला बसली. भाजलेलं डुक्कर, शेवग्याचं सार, माडी घालून फुगवलेले गोड केक. टेबलाच्या टोकाला सोर्सिंगचं ताट, त्यात सगळं थोडं थोडं, शेजारी व्हिनेगरची बाटली. समोर पाण्याच्या भांड्याला टेकवून ठेवलेला फोन, त्यात लिलिबेथ. माझी बॅग पलंगावर उघडी होती आणि तिच्यात फक्त लोकरीची टोपी होती.

तेवढ्यात फाटकासमोरून तक आला. इस्त्रीचा शर्ट, केस ओले.

वीस माणसांनी एकदम हाक मारली, "या जेवायला!" मग वीसही माणसं श्वास धरून बसली.

तक थांबला. हसला. "होऊ द्या, होऊ द्या," त्यानं हात हलवला. "आत्ताच जेवलो."

"कुठं निघालास, दोंग?" बादोरनं परीक्षा घेतली.

"जरा तिकडंच," तक म्हणाला आणि चालू लागला.

बादोरनं टाळ्या वाजवल्या. कुणीतरी शिट्टी मारली. "आला बाबा, आपल्यात आला!" "आता दारं उघडा रे!" नांग इपांनी माझ्या ताटात मांसाचा तुकडा टाकला. "शिकवलंस हो चांगलं. मनात आणलं तर येतं तुला."

मी सोर्सिंगच्या ताटाकडं पाहिलं. ते भरलेलं होतं. साराची वाटी भरलेली, पेला काठोकाठ. या वेळेला ते ताट इतके दिवस रिकामं झालेलं असायचं. आता त्यावर एक माशी बसली आणि तिला हाकलायला कुणी हात उचलला नाही. मी अजून एक घासही घेतलेला नव्हता.

मी उठलो.

"कुठं निघालास?" नांग इपांनी विचारलं.

"जरा तिकडंच."

तक लांब गेला नव्हता. समुद्राच्या बाजूच्या कठड्यापाशी उभा होता, पाठमोरा.

"जेवलास?" मी विचारलं.

"नाही. सकाळपासून नाही. मला वाटलं, आज मोठं जेवण आहे."

"मग नाही का म्हणालास?"

"तुम्हीच शिकवलं."

"ते घरात बसून बोलावलं तर. ताटावरून उठून कुणी फाटकाबाहेर आला, तर नाही म्हणायचं नसतं."

"हे कधी शिकवणार होता?"

"उद्या."

"उद्या तुम्ही जाणार."

मी 'बरं' म्हणायला तोंड उघडलं. ते आलं नाही. मी त्याचा दंड धरला आणि आम्ही परत आलो.

तक खुर्चीपाशी घुटमळला. सगळ्यांनी नांग इपांकडं पाहिलं. त्यांनी सोर्सिंगच्या ताटाकडं पाहिलं, वर छताकडं पाहिलं, ओठ हलवून काहीतरी हिशेब केला.

"प्रार्थना झालेली आहे," त्या शेवटी म्हणाल्या. "ती गेली. आता ते ताट कुणाचंच नाही." मग जरा थांबून तककडं न बघता म्हणाल्या, "मांस आधी खा, गार होतंय."

तक बसला. मी समोर बसलो.

"बाबा," फोनमधून लिलिबेथ म्हणाली, "काय चाललंय? बॅग भरली ना?"

"नाही."

"अहो, उद्या दुपारी विमान आहे!"

"याचा पहिलाच धडा अजून संपायचाय."

"मग तो संपणार कधी? बाबा? माझ्याकडं बघा. तुम्ही येताय की नाही?"

चमचे थांबले. बादोरनं हसायची तयारी केलेली होती, तीही त्यानं आवरली. नांग इपांनी कंबरेचा रुमाल काढून हातात धरला, माझ्यासाठी की स्वतःसाठी ते कळलं नाही. चाळीस दिवस सगळे ज्याची वाट पाहत होते ते आता येणार, असं सगळ्यांनाच वाटलं असावं. मलाही वाटलं. डोळ्यांपुढं सगळं जरा हललं. मी घास उचलला, तोंडापर्यंत नेला, परत ताटात ठेवला.

"दोंग," मी तकला म्हणालो, "ते कुआन जरा इकडं दे."